दार बंद, रिमोट एक

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या आसपासच्या घरांत एक काळी पूड येऊन बसते. बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळतो, धुराड्यातून हलकी काजळी उडते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडकीच्या गजांवर, ओट्यावर उतरते. हंगाम संपतो तेव्हा उन्हाळा आलेला असतो आणि काजळीची जागा मराठवाड्याचा फुफाटा घेतो. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं अंकुशनगर हे असंच कारखान्याच्या आधाराने नांदणारं ठिकाण. सहकारातले नेते अंकुशराव टोपे यांचं नाव त्याला लाभलेलं आहे आणि महाकाळ्याजवळचा समर्थ सहकारी साखर कारखाना ही त्याची पंचक्रोशीतली ओळख. अशा गावात टीव्हीखालच्या उघड्या फळीवर सेट-टॉप बॉक्स, होम थिएटरचा अँप्लिफायर आणि राउटर ठेवले की वर्षभरात त्यांच्या जाळ्या धुळीने बुजतात.

म्हणून नवं घर बांधताना सुताराला सांगितलं जातं, टीव्ही तेवढा भिंतीवर दिसू दे, बाकी सगळं दाराआड घे. प्लायवूडचं कपाट होतं, वर सनमायका चढतो, वायरींचा गुंता दिसेनासा होतो आणि हॉल एकदम नेटका वाटू लागतो. मग संध्याकाळी बातम्या लावायची वेळ येते. रिमोटचं बटण दाबलं जातं, पुन्हा दाबलं जातं, सेल काढून उलटसुलट केले जातात आणि शेवटी कोणीतरी उठून कपाटाचं दार उघडतं. पुढे ते दार तसंच अर्धवट उघडं राहतं. ज्या धुळीसाठी एवढा खर्च केला, ती पुन्हा आत जायला मोकळी.

यात दुसरी एक अडचण मिसळलेली असते. टीपॉयवर टीव्हीचा एक रिमोट, बॉक्सचा दुसरा, होम थिएटरचा तिसरा आणि स्ट्रीमिंग स्टिकचा चौथा पडलेला असतो. आवाज कोणत्या रिमोटने वाढवायचा आणि चॅनेल कोणत्याने बदलायचं, हे घरातल्या तरुण मुलालाच ठाऊक. तो कॉलेजला गेला की आजीचा टीव्ही बंद.

या दोन अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ओळखल्या तरच सुटतात. पहिली आहे रिमोटचा इशारा यंत्रापर्यंत न पोहोचण्याची. दुसरी आहे इशारे बरेच आणि रिमोटही तितकेच असण्याची. दुकानात गेल्यावर पहिल्या अडचणीसाठी दुसरीचं औषध गळ्यात पडतं, 'युनिव्हर्सल रिमोट' म्हणून तीन-चारशे रुपयांची वस्तू घरी येते आणि बंद दारापुढे तीही तितकीच हतबल ठरते.

इशारा का पोहोचत नाही हे समजून घ्यायचं तर एक जुना, टाकून दिलेला रिमोट उघडून बघावा. आत फारसं काही नसतं. रबराची एक चादर असते, तिच्यावरच्या प्रत्येक बटणाच्या पोटाला कार्बनची काळी टिकली असते. बटण दाबलं की ती टिकली खालच्या हिरव्या पट्टीवरचे दोन पट्टे जोडते. वारंवार दाबलेलं आवाजाचं बटण सर्वांत आधी निकामी होतं, कारण त्याची टिकली झिजते किंवा तिच्यावर हातांचं तेल बसतं. पट्टीवर एक छोटी चिप असते, कधी पिवळ्या किंवा निळ्या वडीसारखा दिसणारा, ठेका धरणारा एक रेझोनेटर असतो आणि टोकाला एक एलईडी. एवढाच संसार.

तो एलईडी प्रकाशच फेकतो, फक्त आपल्याला न दिसणारा. माणसाच्या डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचा लाल प्रकाश दिसतो. रिमोटचा प्रकाश बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे लालच्याही पलीकडचा, अवरक्त. हा प्रकाश विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाला १८०० मध्ये सापडला. त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाची फाक पाडली, रंगांच्या पट्ट्यावर थर्मामीटर फिरवला आणि लाल पट्ट्याच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे, पारा अधिक चढलेला पाहिला. आज हीच गोष्ट मोबाइलने पडताळता येते. रिमोटचं तोंड सेल्फी कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबलं की बहुतेक फोनांच्या पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर अनेकदा अवरक्त प्रकाश अडवणारी जास्त कडक गाळणी असते, म्हणून पुढचा वापरावा. ठिपका दिसला नाही तर सेल किंवा रिमोट गेला. दिसला आणि तरी यंत्र ऐकत नसेल तर दोष वाटेत आहे. दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी ही परीक्षा प्रत्येक घरात व्हायला हवी.

आता प्रश्न असा की घरात प्रकाश तर सगळीकडे आहे. ऊन आहे, ट्यूबलाइट आहे, बल्ब आहे. त्यात रिमोटचा एवढासा ठिपका यंत्राला वेगळा कसा कळतो? पोळ्याच्या मिरवणुकीत शंभर बैलांच्या घुंगुरमाळा वाजत असताना शेतकऱ्याला आपल्या बैलाची घंटा कळते, कारण तिचा नाद त्याच्या कानात बसलेला असतो. रिमोटचा प्रकाशही असा ठरावीक नादात धडधडतो, बहुतेक रिमोटांत सेकंदाला ३८ हजार वेळा, म्हणजे ३८ किलोहर्ट्झवर. ऊन स्थिर असतं, जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. यंत्रातला ग्राहक, म्हणजे यंत्राचा डोळा, हे सगळं बाजूला सारतो आणि ३८ किलोहर्ट्झच्या आसपासचंच तेवढं ऐकतो. महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या बहुतेकांनी प्रोजेक्टसाठी तीन पायांचा 'टीएसओपी १७३८' हा असा ग्राहक कधी ना कधी हाताळलेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तो मागावा लागत नाही, समोरच्या डबीत असतो. त्याच्या नावातले शेवटचे ३८ हे तेच ३८ किलोहर्ट्झ.

हा आकडा काही गणिती मोहापायी निवडलेला नाही. रेडिओच्या मिडियम वेव्हच्या सर्किटात ४५५ किलोहर्ट्झ ही एक मधली वारंवारिता वापरतात, त्यामुळे ४५५ चे रेझोनेटर बाजारात ढिगाने आणि स्वस्त मिळत. त्याला बाराने भागलं की ३७.९ येतात. रेडिओच्या पुरवठ्यावर रिमोट असा स्वस्तात उभा राहिला. फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर चालते, सोनीची ४० वर.

त्या धडधडीच्या आत निरोप असतो. जपानच्या एनईसी कंपनीची पद्धत फार पसरली, तिचंच उदाहरण घ्यावं. सुरुवातीला ९ मिलिसेकंद प्रकाश, मग साडेचार मिलिसेकंद अंधार. हे 'ऐका' असं सांगणं. त्यानंतर ३२ खुणा. पहिल्या आठ कोणत्या यंत्रासाठी ते सांगतात, पुढच्या आठ तेच उलट करून, मग आठ आज्ञेच्या आणि पुन्हा आठ तीच आज्ञा उलटी. सुलट आणि उलट जुळलं तरच यंत्र मानतं, म्हणून चुकून भलतंच बटण लागू होत नाही. हे सगळं ६७.५ मिलिसेकंदांत आटोपतं. अँप्लिफायरसाठीची आज्ञा टीव्हीच्या डोळ्यावरही पडते, पण पत्ता आपला नाही म्हणून टीव्ही गप्प राहतो.

पण प्रकाश हा प्रकाशच. प्लायवूडच्या पलीकडे तो जात नाही.

मग रेडिओलहरी का नाही वापरल्या, ज्या भिंतीपलीकडे सहज जातात? त्याही वापरून झाल्या होत्या. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक लहानशी नाव तारेविना चालवून दाखवली, ती रेडिओलहरींवरच. १९३९ च्या हंगामात अमेरिकेतल्या फिल्को कंपनीने रेडिओसंचासाठी बिनतारी डबी आणली, तीही रेडिओलहरींवर. अडचण शेजाऱ्यांची होती. शेजारच्या घरात तसाच संच असला तर इकडचं बटण तिकडे लागू व्हायचं. टीव्हीचा काळ आला तेव्हा अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने आधी १९५० मध्ये वायरचा रिमोट दिला, ज्यात माणसं अडखळून पडत. १९५५ मध्ये यूजीन पॉली यांनी प्रकाशाचा रिमोट केला: पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशपेशी आणि हातात बॅटरी. खिडकीतून ऊन आलं की चॅनेल आपोआप बदलायचं, कारण तेव्हा त्या प्रकाशाला कसलाही नाद दिलेला नव्हता. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अॅडलर यांनी ध्वनीचा मार्ग घेतला. त्यांच्या 'स्पेस कमांड'मध्ये सेलच नव्हते. बटण दाबलं की एक छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची आणि कानाला ऐकू न येणारा उंच स्वर निघायचा. हा स्वर खोलीच्या भिंतींच्या आतच राहायचा. पाव शतक ध्वनीचे रिमोट चालले आणि मग स्वस्त एलईडी व चिप आल्यावर अवरक्त प्रकाशाने त्यांची जागा घेतली.

म्हणजे भिंत ओलांडता न येणं हा या प्रकाशाचा जाणूनबुजून स्वीकारलेला गुण आहे. कारखान्याच्या वसाहतीत भिंतीला भिंत लागून क्वार्टर असतात आणि दोन घरांत एकाच कंपनीचा टीव्ही असणं अगदी साधं आहे. तिथे इकडच्या बटणाने तिकडची मालिका बंद पडत नाही, ती याच गुणामुळे. कपाटाचं दार ही त्या गुणाची पडछाया. त्यामुळे रिमोट टाकून देण्यापेक्षा त्याच्या प्रकाशाला दारातून वाट करून देणं हा पहिला आणि बहुधा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

रिमोटांची संख्या कशी वाढली, याचा एक मोठा भाग मराठवाड्यातच घडला. औरंगाबाद-पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि १९८० च्या दशकात तोशिबाच्या तांत्रिक सहकार्याने रंगीत टीव्ही बनवणारी ही कंपनी देशभर गेली. तिचे संस्थापक नंदलाल धूत हे आधी साखर उद्योगातले. म्हणजे उसाच्याच मुलखातून टीव्हीचा हा मोठा उद्योग निघाला. तोवर मुंबई दूरदर्शन सुरू होऊन, २ ऑक्टोबर १९७२ पासून, दशक उलटलं होतं आणि १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आलं होतं. त्या काळात अनेक घरांत टीव्हीला रिमोट असणं हेच अप्रूप. असला तर एकच.

दुसरा रिमोट छतावरच्या छत्रीबरोबर आला. २००३ मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डीडी डायरेक्ट प्लस, जी पुढे फ्री डिश झाली, २००६ मध्ये टाटा स्काय, २००९ मध्ये व्हिडिओकॉनचीच डीटूएच. केबलवाल्यांनाही डिजिटल व्हावं लागलं आणि ग्रामीण भागासाठी ३१ मार्च २०१७ ही शेवटची मुदत ठरली. त्यानंतर ॲनालॉग केबलवर टीव्हीच्या एका रिमोटने काम भागण्याचे दिवस सरले. होम थिएटरने तिसरा आणला, स्टिकने चौथा. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिची डीटूएच मात्र डिश टीव्हीत विलीन होऊनही तिचे बॉक्स घरोघर चालू राहिले.

आता उपायांकडे. दार अजून बसवायचं असेल तर सगळ्यात सोपी गोष्ट दाराच्या मालातच आहे. काळसर काच किंवा काळं ॲक्रिलिक डोळ्यांना आतलं झाकून टाकतं, पण अवरक्त प्रकाश त्यातून अनेकदा बऱ्यापैकी जातो. यंत्रांच्या पुढच्या बाजूला जी काळी-तांबडी चकाकती पट्टी असते तीही याच कारणाने तशी असते. स्पीकरवर लावतात ते विरळ कापड किंवा नक्षीची जाळीही चालते. आरशासारखा लेप असलेली, उष्णता परतवणारी काच मात्र टाळावी. ती हाच प्रकाश अडवते. काच विकत घेण्यापूर्वी दुकानातच तिच्या एका बाजूला मोबाइल आणि दुसऱ्या बाजूला रिमोट धरून ठिपका दिसतो का ते पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याने पुढचा सगळा खटाटोप वाचू शकतो.

दार प्लायवूडचंच ठेवायचं असेल तर 'आयआर रिपीटर' किंवा दुकानात 'रिमोट एक्स्टेंडर' म्हणतात ते लागतं. वस्तू साधी आहे. एक छोटा डोळा बाहेर, टीव्हीपासून थोडा दूर चिकटवायचा. त्याची बारीक वायर कपाटातल्या एका डबीत जाते. डबीतून दोन, चार किंवा सहा वायरी निघतात आणि प्रत्येकीच्या टोकाला वाटाण्याएवढा एलईडी असतो, तो एकेका यंत्राच्या डोळ्यावर चिकटवायचा. बाहेरच्या डोळ्याला जे दिसलं तेच आतले एलईडी पुन्हा बोलून दाखवतात. डबीला कोणता रिमोट कोणत्या कंपनीचा हे कळायची गरज नसते, म्हणून नवा बॉक्स आला तरी काही बदलावं लागत नाही. मोबाइलच्या चार्जरवर चालणाऱ्या अशा जोडण्या काही शे रुपयांपासून मिळतात.

बसवताना दोन-तीन गोष्टी बिघडतात आणि त्या बहुतेक सगळीकडे सारख्याच असतात. यंत्राचा डोळा नेमका कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही. टॉर्च तिरपा मारून काळ्या पट्टीच्या आत पाहिलं की मुगाएवढा गोल उंचवटा दिसतो, तोच. एलईडी त्याच्या बोटभर बाजूला चिकटला तर कधी चालतो, कधी नाही, आणि घरातले म्हणतात वस्तूच बेभरवशाची. दुसरं, बाहेरचा डोळा टीव्हीच्या पडद्याला फार लागून ठेवू नये. पडद्यामागची रोषणाई आणि काही सीएफएल बल्बांतली चोक काही दहा हजार वेळा सेकंदाला फडफडते. हा नाद ३८ च्या जवळ आला की डोळा गोंधळतो आणि डबीवरचा दिवा आपोआप लुकलुकत राहतो. हातभर बाजूला सरकवला की बरेचदा शांत होतो. तिसरं, आतल्या एलईडीचा प्रकाश दाराच्या फटीतून बाहेरच्या डोळ्यावर पडला तर निरोप गोल फिरत राहतो आणि खरी आज्ञा त्यात हरवते. एलईडीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावावा.

स्टिकची गोष्ट निराळी. टीव्हीच्या पाठीमागे लपलेली फायर टीव्हीची किंवा अँड्रॉइडची स्टिक बंद दारातूनही ऐकते, कारण तिचा रिमोट तिच्याशी ब्लूटूथने, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी बोलतो. शेजाऱ्यांची जुनी अडचण इथे जोडीने सोडवली: रिमोट आणि स्टिक एकदा एकमेकांशी बांधले की तिसऱ्याचं ऐकत नाहीत. पण याच रिमोटवरची टीव्ही बंद-चालू करायची आणि आवाजाची बटणं अनेकदा अवरक्त प्रकाशावर चालतात. एका हातात धरलेल्या एकाच रिमोटमधून दोन भाषा निघतात. म्हणून कपाटात ठेवलेल्या अँप्लिफायरचा आवाज त्याने वाढत नाही आणि चित्र मात्र बदलतं. हे माहीत नसलं की लोक स्टिकला दोष देतात.

रिमोटांची संख्या कमी करण्यासाठी बहुतेक घरांत आधीपासूनच एक साधन पडून असतं आणि ते कोणी वापरत नाही. एचडीएमआय केबलच्या १९ पिनांपैकी १३ वी पिन सीईसी नावाच्या बोलण्यासाठी राखलेली आहे. २००२ च्या डिसेंबरमध्ये एचडीएमआयचं पहिलं मानक आलं तेव्हापासून ती आहे. चित्र ज्या केबलमधून सेकंदाला अब्जावधी खुणांनी धावतं, त्याच केबलमधली ही एक तार सेकंदाला जेमतेम चारशे खुणा नेते. पण 'आवाज वाढव' सांगायला तेवढ्या पुष्कळ होतात. या तारेवर टीव्हीचा पत्ता कायम शून्य, अँप्लिफायरचा किंवा साउंडबारचा पाच. टीव्हीच्या रिमोटवर आवाजाचं बटण दाबलं की टीव्ही स्वतःचा आवाज न वाढवता पाच नंबरला निरोप धाडतो. रिमोट फक्त भिंतीवरच्या टीव्हीला दिसला म्हणजे झालं. कपाटातलं सगळं टीव्हीच सांभाळतो. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून टीव्हीचा आवाजही त्याच केबलने उलट अँप्लिफायरकडे जाऊ लागला, त्याला एआरसी म्हणतात. टीव्हीच्या मागे ज्या भोकाशेजारी हे नाव छापलेलं असेल तिथेच केबल लावायची.

मग हे वापरात का नाही? एक कारण असं की सेटिंगमध्ये ते अनेकदा बंद असतं. दुसरं, प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळं बारसं केलं. सॅमसंगमध्ये ते 'ॲनीनेट प्लस', सोनीत 'ब्राव्हिया सिंक', एलजीत 'सिंपलिंक', पॅनासॉनिकमध्ये 'व्हिएरा लिंक'. ग्राहकाला वाटतं ही ज्याच्या-त्याच्या कंपनीची खास सोय आहे, दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी जमणार नाही. मुळात भाषा एकच आहे आणि बरंचसं जमतं. सगळं मात्र जमत नाही. मानकात सीईसी ऐच्छिक ठेवलेलं आहे, कोणत्या कंपनीने किती आज्ञा पाळायच्या हेही तिच्यावर सोडलेलं आहे आणि जुन्या सेट-टॉप बॉक्सना ही भाषा कळतच नाही. ही ढिलाई ग्राहकावर अन्याय करणारी आहे. ज्या मानकाच्या नावाने केबल विकली जाते त्यातलं सर्वांत उपयोगी कलम कंपनीच्या मर्जीवर ठेवायला नको होतं.

बॉक्स उरतो. त्यासाठी डीटीएचच्याच रिमोटकडे वळावं. यातल्या अनेकांवर टीव्हीसाठी म्हणून चार-पाच बटणं वेगळ्या चौकटीत दिलेली असतात आणि ती शिकवता येतात. टीव्हीचा रिमोट आणि डीटीएचचा रिमोट टेबलावर तोंडाला तोंड करून, दोन-तीन बोटांच्या अंतरावर ठेवायचे. पुस्तिकेत दिलेल्या रीतीने डीटीएचच्या रिमोटला शिकण्याच्या अवस्थेत न्यायचं, मग शिकवायचं बटण त्याच्यावर दाबायचं आणि टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकला की ते बटण शिकलं. हे अंगणातल्या उन्हात करू नये. टीव्हीच्या रिमोटऐवजी होम थिएटरच्या रिमोटने आवाजाची बटणं शिकवली तर डीटीएचच्या एकाच रिमोटवर चॅनेलही येतं आणि होम थिएटरचा आवाजही. कपाटातला रिपीटर तो प्रकाश दोघांपर्यंत पोहोचवतो. दोन वेगळ्या अडचणींची दोन वेगळी उत्तरं इथे एका हातात येतात. साध्या घराला ही जोडणी महागड्या यंत्रांपेक्षा जास्त मानवते, कारण आजीच्या हातातला तिच्या सवयीचा रिमोटच तसाच राहतो.

एका बटणात सगळं चालू व्हावं, ही हौस मोठी जुनी. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा शिकणारा रिमोट काढला तो त्यासाठीच. पुढे लॉजिटेकच्या 'हार्मनी'ने हा प्रकार जगभर नेला आणि एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने तो बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. यातली खरी मेख वीजपुरवठ्यात आहे. बहुतेक रिमोटांवर चालू आणि बंद यांना एकच आज्ञा असते: चालू असेल तर बंद हो, बंद असेल तर चालू हो. एका बटणाने टीव्ही, बॉक्स आणि अँप्लिफायर तिघांना ती आज्ञा पाठवली, तिघेही बंद होते तर तिघे चालू होतात. पण मधे वीज जाऊन आली आणि बॉक्स आपोआप चालू झाला, टीव्ही मात्र झोपलेला राहिला, की पुढच्या दाबाला टीव्ही उठतो आणि बॉक्स झोपतो. ग्रामीण भागात वीज अशी दिवसातून कितीदाही जाते-येते, तिथे एका बटणाची योजना या आज्ञेवर बांधूच नये. काही यंत्रांना 'चालू' आणि 'बंद' यांच्या वेगळ्या आज्ञाही कळतात, फक्त त्यांची बटणं रिमोटवर दिलेली नसतात. वाय-फायवर चालून अवरक्त इशारे फेकणाऱ्या आयआर ब्लास्टरच्या ॲपमध्ये किंवा ज्या फोनांच्या माथ्यावर अवरक्त एलईडी असतो त्यांच्या रिमोट ॲपमध्ये त्या कधी कधी सापडतात. सापडल्या तरच सगळं एका बटणावर न्यावं. नाहीतर बॉक्स आणि अँप्लिफायर चालूच ठेवून केवळ टीव्ही बंद-चालू करणं परवडतं, विजेचं थोडं जास्त बिल धरूनही.

त्या चालू ठेवण्याला दाराआड एक अट आहे, ती हवेची. मे महिन्यात मराठवाड्यात बाहेरच चाळिशीच्या वर पारा असतो. बंद कपाटात अँप्लिफायरची स्वतःची उष्णता त्यात मिळते. यंत्रांतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात, असा या क्षेत्रातला ढोबळ हिशेब आहे. फुगलेल्या माथ्याचे कपॅसिटर बदलणं हे टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचं रोजचं काम असतं. म्हणून कपाटाच्या तळाला आणि माथ्याला, दोन्हीकडे, हाताच्या तळव्याएवढी जाळी हवी. खालून गार हवा येते, वरून तापलेली जाते. एकाच बाजूला जाळी ठेवली तर हवा खेळत नाही. खालच्या जाळीला बारीक कापड लावलं आणि ते गळीत हंगामात दर आठवड्याला झटकलं की काजळी बाहेरच राहते. जाळीची भोकं करंगळी शिरणार नाही एवढीच ठेवावीत, कारण उंदरांना वायरीचं आवरण कुरतडायला फार आवडतं.

आणि हे सगळं प्लास्टर होण्याआधी ठरवायला हवं. टीव्हीच्या पाठीपासून कपाटापर्यंत भिंतीत एक पाइप टाकला की एचडीएमआय, रिपीटरची वायर आणि पुढे लागेल ती तार त्यातून जाते. वायरमन सवयीने पाऊण इंची पाइप टाकतो. एचडीएमआयचं प्लास्टिकसकट डोकं सुमारे वीस मिलिमीटर रुंद असतं, ते त्यात अडकतं आणि वळणावर तर पुढे सरकतच नाही. पाइप दोन इंची घ्यावा, काटकोनाच्या जागी दोन अर्धी वळणं द्यावीत आणि भिंत बुजवण्यापूर्वी आतून एक नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवावी.